आधी अंगावर घ्यायला शिकवा: गावात आयकिडोचा वर्ग कसा चालवावा

यावल तालुक्यातल्या आमच्या केळीच्या बागेत उंच झाडाचा घड उतरवायला दोन माणसं लागायची. एक जण कोयत्याने खोडाला अर्धवट चीर द्यायचा. खोड लगेच पडत नाही. चिरेतून पाणी ठिबकायला लागतं, आतून करकर आवाज येतो आणि झाड घडाच्या ओझ्यानेच हळूहळू कलायला लागतं. खाली दुसरा माणूस खांद्यावर गोणपाटाची घडी टाकून उभा असतो. घड खाली यायला लागला की तो अर्धं पाऊल घडाच्या पोटाखाली सरकतो, गुडघे मोडतो आणि घड खांद्याला टेकला की घडासोबतच वीतभर खाली जातो. मग सावकाश उठतो. मग वरचा दांडा तुटतो. वीस-पंचवीस किलोचं वजन अंगावर येऊनही केळ्याला डाग लागत नाही आणि माणसाचा खांदाही शाबूत राहतो.

मी चौदा वर्षांचा असताना आबांनी मला पहिल्यांदा घडाखाली उभं केलं. म्हणाले, "ताठ राहशील तर खांदा जाईल, पळशील तर घड जाईल. त्याच्यासंगं खाली जा."

पुढे रेल्वेत फिटर म्हणून लागलो. कल्याणच्या लोको शेडला बदली झाली, तेव्हा एका सहकाऱ्यासोबत मुंबईत आयकिडो या जपानी युद्धकलेच्या वर्गाला गेलो. पहिल्याच दिवशी तिथल्या सरांनी 'उकेमी' हा शब्द फळ्यावर लिहिला. उके म्हणजे घेणं, मी म्हणजे अंग. बाकीचे त्याचा अर्थ 'पडण्याचं तंत्र' असा वहीत उतरवत होते. मला मात्र आबा दिसले. आपल्या मराठीत याला सरळ शब्द आहे: अंगावर घेणं.

भुसावळला परत आलो आणि वर्ग सुरू केला, त्याला आता वीसहून जास्त वर्षं झाली. हल्ली पुण्या-मुंबईत, नाशकात काळा पट्टा मिळवून गावी परतलेली पोरं फोन करतात. काका, चोपड्याला वर्ग काढायचाय, कशाने सुरुवात करू? शिरपूरला हॉल मिळतोय, घेऊ का? प्रत्येकाला तेच तेच सांगतो, म्हणून एकदा लिहून ठेवतोय. तंत्रं तुम्हाला येतात असं धरून चालतो. शिकवणं ही वेगळी विद्या आहे आणि ती मला उशिरा कळली.

जागा आणि गाद्या

समाजमंदिर, शाळेचा वर्ग, लग्नाच्या हॉलची मागची खोली, काहीही चालेल. फक्त छत पत्र्याचं असेल तर उन्हाळ्यात तिथे दुपारी चारनंतरही उभं राहवत नाही. मी पहिला उन्हाळा पत्र्याखालीच काढला आणि दोन पोरांना चक्कर आली. खिडक्या आमनेसामने हव्यात. भिंतीला खुंट्या, खिळे, फळ्याचे कोपरे असतील तर ते आधी काढून घ्या किंवा पोत्याने गुंडाळा. पोरं पडायला लागली की नेमकी तिकडेच घरंगळतात.

गाद्यांचं बघा. गादीवाल्याकडून कापसाच्या गाद्या भरून घेऊन वर ताडपत्री ताणायची, हा सगळ्यांना सुचणारा स्वस्त मार्ग आहे. मीही तसंच केलं होतं. कापसाची गादी फार मऊ असते. पाय रुततो, वळताना पाऊल अडकतं आणि घोटा मुरगळतो. तालमीच्या हौदातली माती त्यापेक्षा कितीतरी बरी, आणि तुमच्या गावात चालू तालीम असेल तर वस्तादांना भेटून आठवड्यातून दोन संध्याकाळी मागून बघा. नाहीतर एकमेकांत अडकणाऱ्या रबरी फोमच्या मीटरभर चौकोनी गाद्या घ्या, चाळीस मिलिमीटर जाडीच्या. सोळा गाद्या घेतल्या तरी आठ पोरांचा वर्ग चालतो. त्यांच्या सांध्यांत फट पडू देऊ नका. पायाचं बोट फटीत गेलं की नख निघतं, आणि नख निघालेलं पोर महिनाभर येत नाही.

पोशाखाची घाई करू नका. जाड जपानी केइकोगी आपल्याकडे मार्चपासून अंगात घालवत नाही आणि तिच्या किमतीत दोन पोरांची पुस्तकं येतात. पायजमा आणि सुती जाड कुडता पुरे. मुलींना सलवार-कुर्ता, ओढणी बाजूला. बांगड्या, कडी, गळ्यातले दोरे, ताईत काढून ठेवायचे. ताईत काढायला घरचे तयार नसतील तर भांडू नका. त्यावर चिकटपट्टी लावा.

पहिला महिना फक्त पडणं

इथे मी अडून बसतो. पहिल्या महिन्यात एकही फेक शिकवायची नाही. पोरं कुरकुरतील, बाप येऊन विचारतील, "पैसे कशाचे घेता, पोरगं नुसतं लोळतंय." घ्या ते अंगावर. पडता न येणाऱ्या पोराला जोडीदार फेकू लागला की ते दोन गोष्टी करतं. एक तर अंग चोरतं, म्हणजे कमरेतून मागे ओढून घेतं आणि खांदा वर उचलतं. नाहीतर अंग टाकून देतं, म्हणजे पोत्यासारखं कोसळतं. दोन्हीत इजा होते. शिवाय दोन्हीत जोडीदाराला काही शिकता येत नाही, कारण त्याच्या हातात माणूस उरतच नाही.

मागे पडणं बसून सुरू करा. आपल्याकडची माणसं उकिडवी बसू शकतात, हे आपलं मोठं भांडवल आहे. शहरातल्या वर्गात मी मोठमोठ्या माणसांना उकिडवं बसता न येताना पाहिलंय. उकिडवं बसायचं, ढुंगण टाचेच्या अगदी जवळ टेकवायचं, पाठीची कमान करायची आणि मागे लोळायचं. नजर आपल्या नाडीच्या गाठीवर. पाठ जमिनीला लागताना दोन्ही हातांनी, अंगापासून थोडे दूर, तळवे खाली करून जमिनीवर थाप मारायची. कोपर आधी टेकवायचं नाही. मागे पडणाऱ्याचा हात आधार शोधायला आपोआप मागे जातो आणि मनगट मोडतं ते तिथेच. म्हणून थापेची सवय लावायची. हाताला दुसरं काम दिलं की तो आधार शोधत नाही.

हनुवटी हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. ती वर गेली की डोकं मागे आपटतं. लहान पोरांना 'हनुवटी आत' असं शंभरदा सांगून उपयोग नाही. मी बाजारातून पिशवीभर लिंबं आणतो. प्रत्येकाने एक लिंबू हनुवटी आणि गळा यांच्या बेचक्यात धरायचं आणि मागे लोळायचं. लिंबू घरंगळलं की पुन्हा. पहिल्या दिवशी खोलीभर लिंबं पळत असतात. चौथ्या दिवशी बहुतेकांची जागेवर राहतात. वर्ग संपल्यावर त्याच लिंबांचं सरबत करतो. पोरांना लिंबाचा दिवस कधी ते आठवड्याआधी ठाऊक असतं.

उकिडव्याने जमलं की उभ्याने. उभ्याने पडताना एक पाय मागे दुमडून घ्यायचा आणि त्याच्यावर बसल्यासारखं खाली जायचं. पाठीवर उडी मारायची नाही. जमीन किती जवळ आणता येईल तेवढी आधी जवळ आणायची, मग लोळायचं. घडाखालचा माणूस गुडघे मोडतो तो याचसाठी.

पुढची कोलांटी मात्र शाळेत शिकवतात तशी शिकवू नका. शाळेची कोलांटी डोक्यावरून आणि मणक्यावरून सरळ जाते. आपली तिरकी जाते. करंगळीची कड, हाताची बाहेरची बाजू, कोपर, खांदा, तिथून पाठीवरून तिरकं उलट्या बाजूच्या कमरेपर्यंत. डोकं जमिनीला लागतच नाही. हात कमानीसारखा गोल असायला हवा आणि तो मध्ये मोडता कामा नये. मी पोरांना बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव दाखवायचो. आता गाडी दाखवायला पोळ्यापर्यंत थांबावं लागतं, तरी शब्द सगळ्यांना माहीत आहे. तुझा हात म्हणजे धाव, धाव वाकली की चाक अडकतं. सुरुवात गुडघ्यावर बसून करा. उभ्याने कोलांटी मारण्याची परवानगी मी तोवर देत नाही, जोवर गुडघ्यावरची कोलांटी मला ऐकू येत नाहीशी होत नाही.

ऐकू येणं हे मी मुद्दाम म्हणतोय. पोरं पडत असताना त्यांच्याकडे पाठ करून उभे राहा आणि नुसतं ऐका. मागे पडण्यात हाताची एक स्वच्छ 'थप' आली पाहिजे. 'धप्प' आलं तर पाठ सपाट पडली. 'टक' आलं तर कोपर लागलं. 'थप' आणि 'धप्प' एकामागे एक आले तर हात उशिरा पोहोचला. कोलांटीत काहीच आवाज आला नाही तर उत्तम, 'ठक' आलं तर खांद्याचं हाड लागलं. लोको शेडला बेअरिंगचा आवाज ऐकून दोष ओळखायची सवय होती, तीच इथे कामी आली. डोळ्यांना आठ पोरं एकदम दिसत नाहीत, कानांना ऐकू येतात.

मनगट धरलंय, आता काय

दुसऱ्या महिन्यात पकड. काताते-दोरी, म्हणजे समोरच्याने एका हाताने आपलं मनगट धरणं. नवखा माणूस पहिल्यांदा हिसका देतो. हिसका दिला की धरणारा अजून घट्ट धरतो, मग ताकदवान जिंकतो आणि शिकण्यासारखं काही राहत नाही.

सावद्याकडची तेरा वर्षांची एक मुलगी यायची. घरची कपाशी होती. वेचणीच्या दिवसांत बोंडांच्या कडांनी तिची बोटं चिरलेली असायची. तिच्या जोडीला नववीतला धिप्पाड मुलगा होता. त्याने मनगट धरलं की तिचा हात खांद्यापासून बोटांपर्यंत लाकूड व्हायचा. ती मला म्हणाली, "सर, हात माझाच आहे, पण तो धरला की माझा वाटत नाही." मी तिला म्हटलं, पकडीकडे बघू नकोस. त्याच हाताने कानामागे केस सार. तिने सारले. मुलगा दोन पावलं ओढला गेला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. ती हसली नाही, स्वतःच्या हाताकडे बघत राहिली.

हे का होतं ते पोरांना समजावून सांगा, जादू म्हणून सोडू नका. पकडीला ढकलायला गेलो की कोपर अंगापासून दूर जातं आणि हाताला एकट्या खांद्याचं बळ उरतं. केस सारायला गेलो की कोपर खाली आणि अंगाजवळ येतं, कंबर हाताच्या मागे उभी राहते. धरणाऱ्याला आता एका हाताशी झुंजायचं नसतं, सगळ्या माणसाला ओढायचं असतं. शिवाय जिथे पकडीचा अंगठा आणि बोटं भेटतात तिथे पकड सगळ्यात कच्ची, आणि केस सारताना हात आपोआप त्याच बाजूला वळतो.

मग तेन्कान. धरलेला हात जिथे आहे तिथेच राहू द्यायचा आणि आपण स्वतः त्याच्याभोवती वळून धरणाऱ्याच्या शेजारी उभं राहायचं. आता दोघांची तोंडं एकाच दिशेला असतात. पोरांना मी सांगतो, तो काय बघतोय ते तूही बघ. भांडायला आलेल्या माणसाच्या शेजारी उभं राहून त्याला काय दिसतंय ते बघणं, आयकिडोची सगळी बैठक इथे आहे. आय म्हणजे जुळणं, कि म्हणजे प्राण, डो म्हणजे वाट. हे शब्द फळ्यावर लिहिण्याआधी तेन्कान पन्नास वेळा करून घ्या.

धरणाऱ्याला खरं धरायला शिकवा. नुसतं बोटं टेकवून उभा राहणारा जोडीदार लबाडी करतो आणि समोरच्याचं नुकसान करतो. जीव लावून धर, पण जिद्दीने अडवू नकोस. हा फरक पोरांना पटायला वेळ लागतो, मोठ्यांना त्याहून जास्त.

दाखवताना तुम्ही चार वेळा दाखवा, उजवी, डावी, उजवी, डावी, आणि गप्प बसा. मग पोरांनीही चार वेळा करायचं, चार वेळा जोडीदाराने. ही पद्धत जगभर चालते आणि ती चांगली आहे, कारण त्यात कोणी कायमचा फेकणारा किंवा कायमचा पडणारा राहत नाही.

माझ्या हातून झालेली चूक

वर्गाच्या दुसऱ्या वर्षी एक तरुण आला. तालमीतला, रिक्षा चालवायचा, मान बैलासारखी. सगळ्यांसमोर म्हणाला, "सर, हे खरोखरच्या माणसावर चालतं का?" मी त्याला पुढे बोलावलं आणि निक्यो लावला. निक्योत मनगट आतल्या बाजूला वळतं आणि दुखणं थेट कोपरापर्यंत जातं. त्याने गादीवर थाप मारली. थाप म्हणजे 'सोड'. मी क्षणभर उशीर केला. तो क्षण मुद्दाम होता, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी त्याचं मनगट सुजलं. आठ दिवस त्याला रिक्षाचं हँडल धरता आलं नाही. मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या मायने चहा दिला आणि एक शब्द बोलली नाही. आठ दिवसांची कमाई मी दिली, ती तिने घेतली. तो परत वर्गाला आला नाही.

तेव्हापासूनचे नियम लिहितो. पहिल्या दिवशी, पहिल्या पाच मिनिटांत थाप शिकवा. गादीवर, स्वतःच्या मांडीवर किंवा जोडीदाराच्या अंगावर, कुठेही दोनदा थाप पडली की त्याच क्षणी हात सुटला पाहिजे. हात अडकलेला असेल तर तोंडाने 'बस' म्हटलं तरी चालेल. सांध्याचा पिळा नेहमी सावकाश द्यायचा. शंका विचारणाऱ्यावर तंत्र कधीही लावायचं नाही, त्याला ते तुमच्यावर लावायला सांगायचं. मुलांच्या मनगटाला पिळा देऊच नका, त्यांची हाडं कोवळी असतात. त्यांना फिरायला, वळायला, पडायला शिकवा, त्यातच दोन-तीन वर्षं आनंदाने जातात. आणि शिहोनागे ही फेक शिकवताना स्वतः शेजारी उभे राहा. त्यात धरलेला हात खांद्यामागे दुमडून माणूस मागे जातो, थाप मारायला एकच हात मोकळा राहतो आणि डोकं आपटण्याचा धोका सगळ्यात जास्त तिथेच असतो.

आईबाप काय विचारतात

पहिला प्रश्न: मेडल मिळतं का? आयकिकाई, म्हणजे आयकिडोच्या मूळ संस्थेच्या, परंपरेत सामने नाहीत. केंजी तोमिकी यांच्या शाखेत आहेत, पण मी जिथे शिकलो तिथे नव्हते, म्हणून माझ्याकडे नाहीत. हे प्रवेशाच्या दिवशीच सांगून टाका. काही जण परत जातात. जाऊ द्या.

दुसरा: मुलीला पंधरा दिवसांत स्वसंरक्षण शिकवा. पंधरा दिवसांत आयकिडो येत नाही, आणि येतं असं सांगणारा त्या मुलीला धोक्यात घालतो. पंधरा दिवसांत मी चार गोष्टी शिकवतो: पोटातून ओरडायचं, पळायची वाट आधी बघून ठेवायची, पडलो तर डोकं वाचवून उठायचं, आणि मनगट धरलं की लाकूड व्हायचं नाही. एवढं नीट आलं तरी ते कमी नाही. बाकीचं वर्षांचं काम आहे आणि ते आईबापांनी ऐकून घेतलं पाहिजे.

तिसरा प्रश्न बहुतेक आजोबा विचारतात: हा जपानी खेळ आपल्या शेतकऱ्याच्या पोराला कशाला? त्यांना मी ज्यांनी हे सुरू केलं त्यांची गोष्ट सांगतो. मोरिहेई उएशिबा, जन्म १८८३ चा, तानाबे गावचे. उंची पाच फुटांच्या थोडी वर. १९१२ साली आपल्या भागातली कुटुंबं बरोबर घेऊन ते उत्तरेला होक्काइडो बेटावर शिराताकी इथे जंगल तोडून शेती वसवायला गेले. होक्काइडोतच १९१५ मध्ये त्यांना ताकेदा सोकाकू भेटले, दाइतो-र्यू विद्येचे कडक गुरू. आयकिडोतले बरेचसे पिळे आणि फेकी त्या विद्येतून आल्या. पुढे १९३१ साली टोकियोत मोठा दोजो, म्हणजे सरावाची जागा, उभा राहिला, विद्यार्थ्यांची रीघ लागली. आणि १९४२ मध्ये, युद्ध चालू असताना, ते शहर सोडून इवामाच्या खेड्यात शेती करायला गेले. आयकिडो हे नावही त्याच वर्षीचं. सकाळी शेत आणि संध्याकाळी सराव, आणि दोन्ही एकच आहे असं ते मानत. १९६९ साली गेले. ही गोष्ट ऐकून रावेरचे एक आजोबा म्हणाले होते, "मंग आपलाच माणूस झाला ना तो." नातू आजही येतो.

तो गेल्या वर्षी बागेत घड घेताना दिसला. अर्धं पाऊल खाली सरकला, गुडघे मोडले. मी काही बोललो नाही, पण घरी येईपर्यंत मला आनंद पुरला.

वयस्क माणसं

आमची माय न्हाणीत घसरून पडली, तेव्हा ती सत्तरीच्या पुढे होती. फार लागलं नाही, पण तासभर उठता आलं नाही, कारण उठायचं कसं तेच सुचेना. त्यानंतर मी दर रविवारी सकाळी म्हाताऱ्या माणसांसाठी अर्धा तास ठेवला. सहा-सात जणी येतात. त्यांना कोलांटी शिकवू नका, मागे पडायलाही लावू नका, हाडांचा भरवसा नसतो. त्यांना जमिनीवरून उठायला शिकवा. आधी जागीच पडून राहायचं, दोन-चार श्वास घ्यायचे, हात-पाय हलवून बघायचे. कमरेत किंवा मांडीत कळ असेल तर उठायचं नाही, हाक मारायची. कळ नसेल तर कुशीवर वळायचं, कोपरावर रेटा देऊन दोन्ही हात आणि गुडघ्यांवर यायचं, रांगत खाटेपर्यंत किंवा खुर्चीपर्यंत जायचं, तिच्यावर हात टेकवून एक पाऊल पुढे रोवायचं आणि वर येऊन बसायचं. लगेच चालायला लागायचं नाही. हे महिन्यातून चार वेळा केलं की अंगात बसतं. एका आजींनी घरी सुनेलाही करून दाखवलं.

वर्षाचं गणित

आपल्याकडे वर्ग घड्याळावर चालत नाही, शेतावर चालतो. एप्रिल-मे मध्ये पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा पहाटे साडेपाचला सुरू करा आणि साडेसहाला संपवा. घाम गाळणं म्हणजे सराव नव्हे. लिंबू, मीठ, साखरेचं पाणी किंवा कैरीचं पन्हं दारात ठेवा आणि दर वीस मिनिटांनी प्यायला लावा, तहान लागली असो वा नसो. आखाजीला मुली झोक्यावर असतात, वर्गाला येत नाहीत. श्रावणात कानबाईला अख्खं घर गुंतलेलं असतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास कपाशीची वेचणी सुरू झाली की अर्धा वर्ग शेतात. त्या पोरांची नावं काढू नका, फी मागू नका. जानेवारीत ती परत येतात आणि त्यांची पकड आधीपेक्षा घट्ट झालेली असते.

फी थोडी ठेवा, पण ठेवा. ज्याला जमत नाही त्याने गाद्या पुसायच्या, आणि ते काम इतरांनीही पाळीपाळीने करायचं, म्हणजे गाद्या पुसणारा गरीब आहे हे कुणाला कळत नाही.

जपानी नावांबद्दल थोडक्यात. नावं शिकवा, कारण पोरगं उद्या नोकरीला पुण्याला गेलं तर तिथल्या वर्गात त्याला इक्क्यो, इरिमी-नागे ही तंत्रांची नावं कळली पाहिजेत. पण पहिल्या दिवशी नको. सेइझा सांगायची गरजच नाही, वज्रासन म्हटलं की सगळे बसतात. धुळ्याकडून आलेला पोरगा असेल तर त्याला पडल्यावर "काय व्हयनं?" असं अहिराणीत विचारा. त्याचे खांदे तिथेच सैल होतात. पट्ट्यांच्या परीक्षा वर्षातून दोन पुरेत. स्वतःला सेन्सेई म्हणवून घ्यायची घाई करू नका. त्या शब्दाचा अर्थ 'आधी जन्मलेला' एवढाच आहे. मला पोरं काका म्हणतात आणि वर्गात सर.

पहिला दिवस

चार पोरं आली तरी वर्ग घ्या. माझ्याकडे चारच आली होती, त्यातली दोन सख्खी भावंडं. सुरुवातीला नमस्कार, मग थाप, मग उकिडवं बसून मागे लोळणं. शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. तुम्ही गादीच्या मधोमध उभे राहा आणि पोरांची रांग लावा. प्रत्येकाने येऊन तुमचं मनगट धरायचं, शेजारी वळायचं, हात खाली न्यायचा आणि तुम्ही पडायचं. त्याचं चुकलं तरी तो जिकडे नेईल तिकडे पडायचं. आठ पोरं असतील तर आठ वेळा. उठताना गुडघा कुरकुरला तरी चेहऱ्यावर येऊ देऊ नका. आपल्या हाताने एवढा मोठा माणूस खाली गेला आणि त्याला काही लागलं नाही, हे पोराने पहिल्याच दिवशी पाहिलं पाहिजे.

रांगेत सगळ्यात लहान जो असेल, त्याला पहिला उभा करा.